पाच निळे ठसे

१

तिसऱ्या सोमवारी बाटलीतलं पाणी निळं झालं तेव्हा मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे सांगायला धीर उरेल न उरेल.

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेची प्रमुख. माझ्यामागे सगळे मला सोनारीण म्हणतात, आणि ते मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. सोनारीण, कारण मी सोन्याचं पाणी बनवते. सोन्याचा क्षार पाण्यात उकळायचा, त्यात सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचं मीठ, टाकायचं आणि ढवळत राहायचं. पिवळट पाणी आधी रंग सोडतं, मग काळवंडतं आणि बघता बघता डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. त्यात सोन्याचे कण असतात, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो ओळीने उभे राहतील. ते एकमेकांपासून अंतर राखून असतात तोवर पाणी लाल. नको ते रसायन आत शिरलं की कण एकमेकांना चिकटतात, त्यांचा घोळका होतो आणि पाणी निळं पडतं. रसायन तरी किती लागतं? गच्चीवरच्या टाकीत चिमूटभर पडलं तरी माझं सोनं बोंब मारतं.

त्या हंगामात आमच्याकडे फळांचं एकच काम होतं. गावाबाहेरच्या एका बाईंची सफरचंदाची बाग होती. त्यांचा रस मुलांच्या इस्पितळात जायचा. बागेत बुरशी मारायचं औषध फवारणार नाही असं त्यांनी लिहून दिलं होतं. आमचा माणूस दर सोमवारी जाऊन दहा फळं आणायचा आणि आम्ही सालीवरचं धुवण तपासायचो. पहिले दोन सोमवार लाल गेले.

"मावशी, निळं!" तिसऱ्या सोमवारी माझी भाची ओरडली. ती माझ्या हाताखाली काम करते. कामावर मला मॅडम म्हणायचं असं ठरलंय, पण घाबरली की नातं तोंडात येतं.

मी बाटली उजेडात धरली आणि म्हटलं, "सापडली बाई."

चौथ्या सोमवारी पाणी त्याहून गडद निळं. इस्पितळाने रसाचे क्रेट परत पाठवले. बाजार समितीचा हुकूम निघाला: शुक्रवारी दुपारी बागेतलं सगळं फळ खड्ड्यात पुरायचं आणि बागेचं नाव बाजाराच्या फाटकावरच्या दोषींच्या फळ्यावर लावायचं. त्या हुकमाखाली माझी सही होती.

बुधवारी सकाळी बागवाल्या बाई स्वतः आल्या. माझ्या टेबलावर त्यांनी रसाची बाटली ठेवली.

"हा कालचा. त्याच फळांचा. तपासा, माझ्यासमोर."

भाचीने थेंब सोडला. आम्ही तिघी बघत राहिलो. पाणी लालच राहिलं.

२

"स्वतः आणलेला नमुना आम्ही धरत नाही," मी म्हटलं. "रस गाळता येतो. दुसऱ्याच्या बागेचाही आणता येतो."

बाई पन्नाशीच्या. धुवट सुती साडी, पायात चिखलाचे बूट. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले.

"मॅडम, काल माझ्या नातवाच्या हातातलं सफरचंद सुनेने काढून घेतलं," त्या म्हणाल्या. "काही बोलली नाही. नुसतं काढून घेतलं आणि त्याचा हात साबणाने धुतला. माझ्या घरात, माझ्या बागेचं फळ. फळं पुरा, मी झाडं तोडते म्हणाल तर तोडते. पण त्या पोराच्या हातात मी विष दिलं, हे नाव लावू नका मला."

"औषध कुणी फवारलं मग?"

"कुणीच नाही. शेजारी फवारतो, पण त्याची बाग ओढ्यापलीकडे. मी आणि माझे दीर, दोघंच. भाऊजी गेल्या पंधरवड्यापासून क्रेट वाहतात."

"नमुना घेताना तुम्ही हजर असता?"

"असते की. तुमचा माणूस फार टापटिपीचा हो. हल्ली तर ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखा येतो."

मला बरं वाटलं. माझ्या माणसांची स्तुती मी नेहमी स्वतःच्या खात्यात जमा करते. मी त्या माणसाला हाक मारली.

आम्ही त्याला नमुनेकाका म्हणतो. बावीस वर्षं एकच काम, एकही नमुना हरवलेला नाही. फावल्या वेळात जुन्या सायकली दुरुस्त करण्याचा त्यांना नाद, त्यामुळे बोटांच्या रेघांत काळं वंगण कायमचं बसलेलं. एका मासिक बैठकीत काका मला नमुन्याची पिशवी देत होते, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "काका, हे हात लावून माझ्या सोन्याचं लोखंड कराल हो!" सगळे पोट धरून हसले. काकाही हसले. माझे विनोद ऑफिसात चालतात, असा माझा समज आहे.

काका दारातच उभे राहिले, हात खिशात.

"नमुना कसा घेता, सांगा यांना."

"क्रेटमधून दहा फळं, मॅडम. वेगवेगळ्या थरांतली. आणि कोरी बाटली बरोबर."

कोरी बाटली ही आमची पद्धत. शुद्ध पाण्याची बाटली इथेच बूच लावून बंद करायची, नमुन्याबरोबर बागेत न्यायची आणि परत आणून तपासायची. वाटेत काही लागलं असेल तर ती सांगेल. दोन्ही सोमवारी कोरी बाटली लालच होती. म्हणजे आमच्याकडून चूक नाही. मी हे बाईंना छातीठोकपणे सांगितलं.

भाचीने चहाचा ट्रे पुढे केला. काकांनी मान हलवली. "नको, मी खाली घेतो वॉचमनबरोबर."

"काका, मनगटाला काय झालं?" तिने विचारलं. खिशाच्या काठावर लाल, खरबरीत चट्टा दिसत होता.

"काही नाही गं. साबण बदलला."

ते गेले. बाई उठता उठता म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारी बारा वाजता खड्डा भरणार आहेत. तुमच्याकडे दोन दिवस आहेत, मॅडम. माझ्याकडे त्यानंतर काही नाही."

३

फ्रीजमध्ये चौथ्या सोमवारची सहा फळं शिल्लक होती. दुपारी मी भाचीला म्हटलं, "औषध आहे की नाही हे नको शोधू. फळावर कुठे आहे ते शोध."

एका छोट्या टिकलीएवढा ओला कागद सालीवर दाबायचा, उचलायचा, सोन्याच्या पाण्यात टाकायचा. एका फळावर तीस टिकल्या. तासाभरात टेबलावर तीस बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या आणि भाचीने कागदावर फळाचा नकाशा काढला.

"मॅडम, हे उलटंच आहे."

उलटंच होतं. फवारलेलं औषध देठाच्या खळग्यात साचतं, तिथे पाणी थांबतं ना! पण देठाचा खळगा स्वच्छ. खालचा खळगा स्वच्छ. निळ्या बाटल्या फक्त फळाच्या पोटावरच्या. एका बाजूला चार, एकाखाली एक. पलीकडच्या बाजूला एकच, जरा मोठी.

भाचीने ते सफरचंद सहज उचललं आणि तिचा चेहरा पडला. तिची चार बोटं त्या चार खुणांवर होती आणि अंगठा पाचवीवर.

"हात आहे हा," ती म्हणाली.

दुसऱ्या फळावरही पाच. तिसऱ्यावरही.

"घाम असेल का? मिठानेपण सोनं निळं होतं."

"असल्या टिकलीएवढ्या घामाने? हे शाईसारखं निळं आहे. ज्याचा हात होता, त्याच्या बोटांवर औषध माखलेलं होतं."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. दुसरा सोमवार लाल, तिसरा निळा. मधल्या आठवड्यात काय बदललं? माझ्याच अक्षरात तीन नोंदी होत्या. मंगळवारी सोन्याचं नवं पाणी. बुधवारी मासिक बैठक. शुक्रवारी फ्रीजची दुरुस्ती. नवं पाणी निर्दोष, कारण कोरी बाटली लाल राहिली. फ्रीजही निर्दोष, तीच बाटली त्यातच होती. बैठकीने फळ बाटत नाही, म्हणून ती मी विचारात घेतलीच नाही.

बागेच्या बाजूने त्या आठवड्यात एकच गोष्ट बदलली होती. दीर क्रेट वाहायला लागला होता.

"भाऊजी!" मी टाळी वाजवून म्हटलं. भाची हसली नाही.

"मावशी, तुला ना, चोर सापडला की फार आनंद होतो," ती म्हणाली आणि बाटल्या धुवायला निघून गेली.

४

गुरुवारी सकाळी आम्ही बागेत गेलो. काका व्हॅन चालवत होते, भाची मागे सोन्याच्या बाटल्यांची पेटी मांडीवर धरून.

दीर शेडमध्ये क्रेट रचत होता. चाळिशीचा उंच माणूस, बोलणं तिखट.

"बाजार समितीत ऐकलं, जमीन विकायची आहे म्हणे तुम्हाला?" मी सरळच विचारलं. ही माझी पद्धत. आधी वर्मावर बोट ठेवायचं.

"आहे. गोदामवाला विचारतोय. लपवलं कधी?"

"आणि वहिनी तयार नाहीत."

"नाहीत."

"फळं पुरली की होतील."

त्याने हातातला क्रेट खाली ठेवला. "मॅडम, माझा भाऊ गेला तेव्हा या बागेला मी दोन वर्षं पाणी घातलंय. विकायची म्हणतो, कारण वहिनींची कंबर राहिलेली नाही. भांडतो मी त्यांच्याशी, रोज भांडतो. पण घरच्या बाईला विषवाली म्हणवून जमीन मिळवायची? तुमच्याकडे असतील अशी माणसं. तुम्ही रोज भेटत असाल."

बागवाल्या बाई मागे येऊन उभ्या होत्या. "भाऊजी, जाऊ द्या," त्या हळूच म्हणाल्या. मला वाटलं होतं की त्या आता तरी त्याच्यावर संशय घेतील. त्यांनी त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला होता.

"औषधाचा डबा आहे का बागेत?"

"शोधा."

भाचीने शेड, पंपघर, घराची मागची बाजू, सगळं पालथं घातलं. एक डबा नाही, एक रिकामी पिशवी नाही.

"मग हात दाखवा," मी म्हटलं. "दोघांनीही. नळावर नुसत्या पाण्याने धुवा, म्हणजे घामाचा प्रश्न नको. बोटांवर रोज औषध माखलं तर ते पाण्याने सहज जात नाही, माझं सोनं सांगेल."

दीर लाल झाला. चारचौघांत हात तपासणं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. मला ते चालत होतं. त्याने वहिनीकडे पाहिलं, नळावर गेला आणि हात पुढे केले. भाचीने प्रत्येक बोटावर टिकली दाबली. मग बाईंच्या. वीस टिकल्या, वीस बाटल्या, शेडच्या कठड्यावर उन्हात.

लाल. लाल. लाल. विसाव्या बाटलीपर्यंत लाल.

"झालं समाधान?" दिराने विचारलं.

ठसे पाच होते. फळाला हात लावणारे दोन होते आणि दोघांचेही हात स्वच्छ होते.

"तिसराही आहे ना मावशी," भाची म्हणाली.

५

काका व्हॅनपाशी उभे होते. हात खिशात.

मला हसू आलं. "काकांच्या बोटांवर वंगण असेल, औषध कुठलं? आणि काका फळाला हात लावतच नाहीत. पिशवी उलटी करून हातावर चढवायची, तिच्यातून फळ धरायचं, पिशवी सुलट करायची. बावीस वर्षांची पद्धत आहे आपली."

"आता नाही तसं करत," बागवाल्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पिशवी नाही चढवत आता. चढणारच नाही ना त्यावर. तो हातमोजे घालतो."

मी काकांकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर एक ओशाळं हसू होतं, आणि त्यात थोडा अभिमानही.

"हो मॅडम. तुम्ही त्या दिवशी बैठकीत बोललात ना, तेव्हापासून. मी म्हटलं, खरंच आहे, आपले हात असले. घासून घासून जात नाही ते काळं. रॉकेलने धुतले, लिंबाने धुतले. मग भांडी घासायचे येतात ना, ते जाड हातमोजे आणले. माझ्या पैशाने आणले. दर वेळी धुतो, सुकवतो. बघा."

त्यांनी व्हॅनच्या कप्प्यातून एक पांढरा स्वच्छ रुमाल काढला. रुमालाची घडी उलगडली. आत इस्त्री केल्यासारखे सपाट ठेवलेले पिवळे रबरी हातमोजे होते.

मी ते हातमोजे बघत उभी राहिले, आणि एकेक गोष्ट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मनगटावरचा चट्टा. ऑपरेशनला निघालेला डॉक्टर. ट्रेमधल्या चहाला नकार. कॅलेंडरवरचा बुधवार.

रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात जी रसायनं घालतात, त्यांतलं एक आणि बुरशी मारायचं हे औषध, दोन्ही एकच वस्तू आहे. झाडावर फवारली की औषध, रबरात घातली की मसाला. कातडीला सोसलं नाही तर तिनेच चट्टे उठतात. हे मला माहीत होतं. भाचीला मीच शिकवलं होतं.

आणि कोरी बाटली? ती आम्ही इथून बंद करून पाठवत होतो आणि बंदच परत घेत होतो. तिचं बूच बागेत कुणी उघडलंच नव्हतं. आतलं पाणी हाताला लागलंच नव्हतं. जी बाटली कशाला शिवलीच नाही, तिच्या साक्षीवर मी बाईंना खोटं पाडलं होतं.

"टिकली दे," मी भाचीला म्हटलं.

हातमोज्याच्या अंगठ्यावर एक, चार बोटांवर चार. पाच बाटल्या. आम्हाला थांबावंही लागलं नाही. पाणी निळं झालं, मग करडं, आणि तळाशी काळा गाळ बसला.

काकांनी बाटल्यांकडे पाहिलं, मग हातमोज्यांकडे, मग बागवाल्या बाईंकडे.

"म्हणजे हे माझ्यामुळे?" त्यांनी विचारलं.

मी "नाही" म्हणायला हवं होतं. त्या क्षणी, तिथेच, चौघांसमोर. मी म्हटलं, "ऑफिसात बोलू."

६

वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "उत्तम! सुटलो. लिहा, नमुना गोळा करणाऱ्याची चूक. त्याला घरी बसवू आणि बागवालीचा हुकूम मागे घेऊ. उद्या सकाळच्या बैठकीत वाचून टाका."

मी लिहिलं. हे लपवत नाही. टेबलाशी बसून मी टाइप केलं: "नमुना गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याने पद्धत सोडून, कुणाला न कळवता रबरी हातमोजे वापरल्यामुळे." एकही शब्द खोटा नव्हता. मी वाक्य दोनदा वाचलं, स्वल्पविराम नीट केला. बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची किळसही येत होती.

भाची मागे उभी राहून वाचत होती.

"खरं आहे," ती म्हणाली.

"आहेच."

"पण पद्धत का सोडली, ते नाही लिहिलंस."

"ते तांत्रिक कारण नाही."

"मावशी, मी होते त्या बैठकीत. मीपण हसले. काका हसत हसत हात टेबलाखाली घेऊन गेले, ते मी पाहिलं, तरी हसले." तिचे डोळे भरले होते. "पिशवी चढवून फळ घेत होते ते. त्यांचा हात कधी लागलाच नव्हता फळाला. तू ज्या हातावर बोललीस तो कधी मध्ये आलाच नव्हता."

ती निघून गेली. मला आठवलं, त्या दिवशी विनोद करण्याआधी मी क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं होतं, लोक ऐकताहेत ना म्हणून. बावीस वर्षं ज्याने एक नमुना हरवला नाही, त्याला मी चार माणसांच्या हशासाठी वापरलं होतं. तीस वर्षं लोकांच्या दुधात, पिठात, फळात मी भेसळ शोधत होते. लाज म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं. तोंड कुठे लपवावं समजत नव्हतं, आणि खोलीत तर मी एकटीच होते.

मी वाक्य पुसलं.

७

शुक्रवारी सकाळी दहा वाजता बैठक. तीच खोली, तेच लांब टेबल, तीच चौदा माणसं. वरिष्ठ एका टोकाला. बागवाल्या बाई आणि त्यांचे दीर पाहुण्यांच्या खुर्च्यांवर, त्यांच्या पायाशी सफरचंदांचा एक क्रेट. काका दाराजवळ. त्यांनी राजीनामा घडी करून शर्टाच्या खिशात आणला होता, कागदाचं टोक वर दिसत होतं.

मी उभी राहिले आणि अहवाल वाचला. बागेत औषध नाही आणि नव्हतं. औषध हातमोज्यांतून आलं. हातमोजे आले, कारण याच खोलीत, गेल्या मासिक बैठकीत, प्रमुखांनी, म्हणजे मी, एका निर्दोष कर्मचाऱ्याच्या हातांची सर्वांदेखत थट्टा केली. कोरी बाटली बागेत उघडायची नाही हा दोषही माझ्याच पद्धतीतला. हुकमावरची सहीही माझी.

वरिष्ठ खाकरले. "इतकं कशाला, मॅडम? हे नोंदीत जाईल."

"जायलाच हवं," मी म्हटलं. "मला बाईंची माफी मागायची आहे, आणि त्यांच्या दिरांची. काल मी त्यांचे हात तपासले. तेही नोंदीत घाला."

दिराने मान फिरवली. बागवाल्या बाईंनी पायाजवळचा क्रेट पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "तुमचा कागद माझी सून वाचेल, मॅडम. पण ती कागदाने नाही ऐकायची. तुम्ही घरी या. तिच्यासमोर, नातवासमोर, या क्रेटमधलं एक फळ न धुता खा."

"येते," मी म्हटलं. "आजच येते."

वरिष्ठांनी बाजार समितीला फोन लावला. खड्ड्याचं काम थांबलं. लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "अजून एक तपासणी राहिली आहे."

भाचीने टेबलावर पाच बाटल्या मांडल्या. डाळिंबाच्या रसासारख्या लाल.

"काका, तुमच्या उजव्या हाताची बोटं हवीत. सोन्याला वंगणाचा त्रास होतो की नाही, हे मी न तपासताच बोलले होते. तीस वर्षांत असं मी कधी केलं नव्हतं."

काका हलले नाहीत. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या खिशाकडे होत्या, आणि मला कळलं की मी पुन्हा तेच करते आहे, त्यांना चौघांत उभं करते आहे. "नको असेल तर राहू द्या," मी घाईने म्हटलं. "खरंच राहू द्या."

"नाही, करू या," ते म्हणाले. "हात धुऊन येतो."

"नुसतं पाणी पुरे, काका."

पण ते कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि साबण घेतला. एकदा धुतले. मग पुन्हा साबण लावला. बोटांच्या पेरांत, नखांत, मनगटावरच्या त्या चट्ट्यांवरूनही. आम्ही सगळे नळाचं पाणी ऐकत बसलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला उठून नळ बंद करावासा वाटला, पण तोही अधिकार मला उरला नव्हता.

ते आले, उजवा हात टेबलावर ठेवला. रेघांतलं काळं तसंच होतं. ते कधी जाणारच नव्हतं. भाचीने पाच टिकल्या दाबल्या, उचलल्या, एकेक बाटलीत सोडली. आम्ही पाच मिनिटं थांबलो. मग मी दहा थांबले.

पाचही लाल.

काकांनी एक बाटली उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिली, सायकलच्या चाकाचा बाक बघावा तशी.

"म्हणजे स्वच्छ आहेत," ते म्हणाले.

"हो काका."

त्यांनी बाटली जागेवर ठेवली. ती बाकीच्या चारांच्या रांगेत बरोबर बसेपर्यंत बोटाने सरकवली. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"त्या दिवशीपण होते?"

"हो," मी म्हटलं. "त्या दिवशीपण होते."